पर्वती उतरताना

पुण्याच्या दक्षिण अंगाला, सारसबागेच्या पाठीशी पर्वतीची टेकडी उभी आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिला १०३ दगडी पायऱ्या आहेत असे सांगतात. मोजणाऱ्याच्या दमाप्रमाणे हा आकडा थोडा खाली-वर होतो. माथ्यावर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविलेले देवदेवेश्वराचे मंदिर आहे. पुण्यातील ज्येष्ठ मंडळींच्या पहाटेच्या फिरण्याचे हे एक जुने ठिकाण. आज आपण या टेकडीवर जाऊन येऊ. दर्शन घेऊच, वरून सिंहगडही पाहू. पण या खेपेस लक्ष थोडे आपल्या पायांकडे ठेवू. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांनी घरच्या खुर्चीत बसूनच सोबत यावे. पुढे सांगितलेले जवळजवळ सर्व काही खुर्ची, भिंत आणि पलंग यांच्या आधाराने करता येते.

मार्गशीर्षातील सकाळ आहे असे समजा. पायथ्याशी पोहोचताच वर निघण्याची घाई करू नका. या वेळी तेथे दोन प्रकारची माणसे दिसतात. भरतीची तयारी करणारी तरुण मुले धावत वर जातात आणि धावतच खाली येतात. कानटोपी घातलेली वडीलधारी मंडळी पहिल्या पायरीवर पाय ठेवून, वाकून, गुडघ्यावर दाब देत दोन-चार हिसके देतात आणि "पाय मोकळे केले" असे म्हणून चढू लागतात. त्या तरुणांचे अनुकरण आपण करणार नाही हे उघड आहे. पण वडीलधाऱ्यांचेही करू नये. गारठलेला स्नायू म्हणजे थंडीत थिजलेले तूप. त्यात चमचा खुपसला तर चमचा वाकेल; तेच भांडे थोडे शेकले की तूप आपोआप सुटते. म्हणून आधी सपाट रस्त्यावर पाच ते दहा मिनिटे चालावे, हात हलवावेत, अंगात किंचित ऊब येऊ द्यावी. ताण देण्याची वेळ त्यानंतरची.

ज्याला आता सर्रास स्ट्रेचिंग म्हणतात, ते आपल्याला अगदीच परके नाही. झोपेतून उठताना आपण आळोखेपिळोखे देतो, ते कोणी शिकविलेले नसते. मांजर तर दिवसातून अनेकदा पाठीची कमान करून हे काम मन लावून करते. त्यात हिसका नसतो, मोजदाद नसते, कोणाशी स्पर्धा नसते. वय वाढल्यावर मात्र आपण अंथरुणातून तडक उठतो, कारण डोळे उघडताच औषधांची, दुधाची, नळाच्या पाण्याची वेळ झालेली असते. पुढे दिवसभर गुडघे व खुबे काटकोनात ठेवून खुर्चीत बसतो. जो स्नायू महिनोन्‌महिने आखूडच राहतो, त्याला लांब होण्याची सवय राहत नाही.

आता चढू. पर्वतीच्या पायऱ्या घरातील जिन्यासारख्या नाहीत. त्या रुंद आहेत. एका पायरीवर दीड-दोन पावले पडतात. चढताना शरीर वर उचलण्याचे काम मांडीचे पुढचे स्नायू, कुल्ले आणि पोटऱ्या करतात. दम लागतो, छाती धपापते, आणि सगळ्यांना वाटते की खरी परीक्षा हीच. दम लागणे हा आजचा विषय नाही. परंतु ज्यांना हृदयविकार आहे, अथवा चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटून येते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ही पायरी चढूच नये.

एका गोष्टीकडे मात्र चढतानाच लक्ष द्या. पोटरी दुखू लागली तर ती कितव्या पायरीला दुखली हे ध्यानात ठेवा. रोज साधारण तितकेच चालल्यावर पोटरीत कळ येत असेल आणि दोन-तीन मिनिटे उभे राहताच ती निघून जात असेल, तर तो बहुधा स्नायूचा आखडलेपणा नसतो. पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, विशेषतः मधुमेह असलेल्यांत व तंबाखू ओढणाऱ्यांत. अशा पायाला कितीही ताण दिला तरी रक्त वाढत नाही. दुखणे ठरावीक पायरीला भेटते की पहिल्या पावलापासून सोबत असते, एवढे जरी आपण डॉक्टरांना नीट सांगितले तरी त्यांचे निम्मे काम होते.

माथ्यावर आलो. देवळाभोवती तट आहे. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ च्या जून महिन्यात याच टेकडीवर वारले. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई चालू असताना दुसरे बाजीराव ती येथूनच पाहत होते. आपले काम त्याहून बरेच साधे आहे. दर्शन घेऊन, श्वास खाली बसल्यावर एखादी मोकळी, भक्कम भिंत शोधा.

भिंतीकडे तोंड करून, छातीच्या उंचीवर दोन्ही तळवे टेका. एक पाय पुढे घेऊन गुडघ्यात किंचित वाकवा. दुसरा मागे, सरळ. मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली आणि बोटे थेट भिंतीकडे. बोटे बाहेर वळली की ताण निसटतो, आणि आखडलेला पाय हीच चोरी करतो. आता कंबर सावकाश पुढे न्या. मागच्या पोटरीत ओढ जाणवेल. तेथेच थांबा. सहा ते आठ संथ श्वास होईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, तसेच राहा. सवय झाल्यावर एक मिनिटापर्यंत जा. मग पाय बदला. प्रत्येक पायाला दोनदा-तीनदा. शेवटच्या खेपेला मागचा गुडघाही टाच न उचलता थोडा सैल सोडा. ओढ पोटरीच्या खालच्या भागात, टाचेच्या वरच्या दोरीसारख्या जाड कंडरेकडे उतरेल. हा दुसरा भाग बहुतेक जण वगळतात. उतरताना कामाला येतो तो हाच.

"एवढा वेळ?" असे आपण विचाराल. पाच आकडे मोजून पाय सोडण्याची सवय शाळेतल्या कवायतीपासून लागलेली असते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस प्रौढांसाठी १० ते ३० सेकंदांची आहे, वृद्धांसाठी मात्र ३० ते ६० सेकंदांची. आणि आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्नायूच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म तंतू असतात. हिसका बसला की ते पहारेकऱ्यासारखे ओरडतात आणि स्नायू स्वतःला आवळून घेतो, म्हणजे आपण ओढतो आणि तोही उलट ओढतो. ताण सावकाश दिला व तेथेच थांबलो तर पहारेकरी निवांत होतो. पहिल्या काही आठवड्यांत जी लवचीकता वाढल्यासारखी वाटते, तिचा मोठा वाटा स्नायू लांब होण्याचा नसून मज्जासंस्थेने तेवढा ताण सोसायला राजी होण्याचा असतो, असे अभ्यासक मानतात. राजी करायचे असेल तर धाकदपटशा चालत नाही. ओढ जाणवावी, दुखू नये. चेहरा सैल राहावा, शेजाऱ्याशी बोलता यावे. दात आवळले गेले की समजावे, आपण पुढे गेलो.

एक सूचना आवर्जून. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली लोंबती सोडण्याचा प्रकार तरुण मंडळी करतात. दगडी पायऱ्यांवर साठीनंतर तो करू नये. तोल गेला तर पोटरीऐवजी खुबा हातात येतो.

आता कट्ट्यावर टेका आणि नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो का पाहा. बसल्या बसल्या मांडीच्या मागचा स्नायूही सैल करता येतो. कट्ट्याच्या कडेशी सरकून एक पाय समोर सरळ करा, टाच जमिनीवर, बोटे आकाशाकडे. पाठ ताठ ठेवून केवळ खुब्यातून पुढे झुका, जणू समोरच्याला नमस्कार करीत आहात. मांडीच्या मागे ओढ आली की पुरे. बोटांना हात लावण्याचा हट्ट धरू नये. तो पुरविण्यासाठी आपण पाठीची कमान करतो, आणि ठिसूळ हाडांच्या माणसाला, त्यातही रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना, तसे वाकण्याने मणका दबण्याचा धोका असतो. उभे राहून, गुडघे ताठ ठेवून, पायाचे अंगठे पकडणे हा व्यायाम या वयात मला मुळीच पसंत नाही.

याच शहरात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली आले आणि पुढे येथेच स्थायिक झाले. त्यांनी आसनांना पट्टे, दोर, लाकडी ठोकळे व खुर्ची यांचा आधार दिला, आणि शरीर ज्याला साथ देत नाही अशा माणसालाही आसनाच्या दारापर्यंत आणले. १९७५ साली शिवाजीनगर भागात सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेमुळे देशोदेशीचे लोक पुण्यात येतात. आपल्याकडे मात्र अनेक वडीलधाऱ्यांना खुर्चीचा आधार घेणे कमीपणाचे वाटते. घरात पट्टा नसेल तर जुना पंचा घ्यावा. पलंगावर उताणे पडून तळव्याला पंचा अडकवावा आणि गुडघा सरळ ठेवून पाय हलके हलके वर घ्यावा; मांडीला तोच लाभ मिळतो, पाठीला धोका नाही.

आता उतरू. येथे जरा थांबून बोलले पाहिजे.

माझ्या दवाखान्यात येणारे एक गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, अनेक वर्षे पर्वतीवर जात असत. एका हिवाळ्यात त्यांनी जाणे सोडले. घरच्यांना वाटले दम लागत असेल. हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. विचारता विचारता कळले की चढण्याचे त्यांना काहीच वाटत नव्हते. उतरण्याची भीती वाटत होती. खाली पाहिले की पाय अडखळे, गुडघा एकदम मोडल्यासारखा पुढे जाई. मग ते आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागले. मागून येणाऱ्यांना वाट द्यावी लागे, त्याची लाज वाटे. अखेर "आता झाले आपले पर्वतीचे" असे ठरवून ते घरी बसले. फिरणे थांबले, तसे कट्ट्यावरचे मित्रही सुटले.

त्यांना खाली बसवून घोटा वाकवून पाहिला तर तो जवळजवळ काटकोनातच अडत होता. पायरी उतरताना काय घडते ते पाहा. एक पाय खालच्या पायरीकडे जातो तेव्हा मागचा पाय वरच्या पायरीवर सपाट राहून सारे शरीर सावकाश खाली सोडत असतो. त्यासाठी त्या पायाचा गुडघा बोटांच्या पुढे यावा लागतो, म्हणजेच घोटा चांगला वाकावा लागतो. चढताना तो इतका वाकावा लागत नाही. पोटरी आखडलेली असेल तर टाच अवेळी उचलली जाते, आधार चवड्यापुरता उरतो आणि उरलेले अंतर माणूस उतरत नाही, पडतो. त्या गृहस्थांची भीती मनाची नव्हती; त्यांच्या पायांनी ती खरी ओळखली होती.

त्यांना सकाळ-संध्याकाळ भिंतीपाशी वर सांगितलेला ताण दिला. जोडीला हात न टेकता खुर्चीतून उठणे व सावकाश बसणे, सुरुवातीला पाच वेळा, पुढे दहा. ताणाने घोटा वाकतो, पण शरीर सावरून खाली सोडण्याचे बळ मांडीत असावे लागते. नुसत्या ताणाच्या व्यायामाने पडणे टळते असे मी सांगणार नाही. दोन महिन्यांनी ते काठी घेऊन पर्वतीवर निम्म्यापर्यंत जाऊ लागले. तेवढ्यावरच थांबतात. निम्म्यावर बसले तरी मित्र येता-जाता भेटतात.

तेव्हा आपणही उतरताना शरीर किंचित तिरपे ठेवा, कठड्याच्या बाजूने चला आणि दुखरा पाय आधी खाली टाका. चढताना नेमके उलटे, धडधाकट पाय आधी. पायऱ्या उतरत असताना गप्पा मारू नयेत. त्या खाली उतरल्यावर माराव्यात.

घरी पोचल्यावर पाय बोलू लागतील, आणि उद्यापेक्षा परवा अधिक. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार सोसतो; त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि हे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. "आधी नीट स्ट्रेचिंग केले असते तर दुखले नसते" असे घरातील नातवंडे सांगतील. ते तितकेसे खरे नाही. या विषयावरील चाचण्यांचा कॉक्रेन समूहाने २०११ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात पडणारा फरक १०० गुणांच्या मापावर सरासरी एका गुणाच्या आसपास निघाला. म्हणजे नसल्यात जमा. हे दुखणे चार-पाच दिवसांत आपले आपण जाते. हलके चालणे, कोमट पाण्याचा शेक आणि धीर, एवढे पुरते. ताणाचे खरे काम निराळे आहे. बसून बसून आखडलेला सांधा, सकाळी पहिले पाऊल टाकताच टाचेत उठणारी कळ, मान-खांद्यांचा जडपणा आणि रात्री पोटरीत येणारे गोळे यांवर तो उपयोगी पडतो.

टाचेच्या कळेसाठी अंथरुणातून उतरण्यापूर्वीच उपाय करावा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढावीत, दहा श्वासांइतके. असे काही वेळा करून मगच पाय जमिनीवर ठेवावा.

आता जे दुसऱ्याची सेवा करतात त्यांच्यासाठी. अंथरुणाला खिळलेल्या आईचे आखडलेले गुडघे सरळ करायचे म्हणून मुलगा वरून जोर देतो, हे मी घरोघरी पाहिले आहे. हेतू चांगला, पण पद्धत घातक. आधी कोमट ओल्या फडक्याने शेकावे. रुग्णाला स्पर्शाची जाणीव कमी असेल तर फडके आपल्या मनगटावर पारखून घ्यावे. एक हात सांध्याच्या वर, दुसरा खाली ठेवून अगदी सावकाश हालचाल करावी आणि नजर गुडघ्याकडे नव्हे, तर आईच्या चेहऱ्याकडे ठेवावी. बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरची आठी हाच त्याचा शब्द. गुडघ्यांखाली कायम उशी ठेवल्याने आराम वाटतो खरा, पण गुडघे त्याच अवस्थेत आखडून जातात; ती दिवसातून बराच वेळ काढून ठेवावी. जड गोधडी पावलांवर दाबून पसरू नये, पावले खाली लोंबून टाच आखडते. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा हात धरून माणसाला उठवू नये. तो खांदा सैल असतो, ओढला की निखळतो.

काही दुखण्यांना ताण देऊच नये. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर चोळणे व ताणणे दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही खांदे व खुबे रोज सकाळी तासभर जखडत असतील, तर तो आखडलेपणा रक्त तपासून पाहण्याजोगा असतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखत असल्याची शंका आली तर गोळी परस्पर बंद करू नये, विचारावे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके चालू असताना साठीपुढील व्यक्तींत, विशेषतः स्टिरॉइडही घेत असल्यास, टाचेची कंडरा दुबळी होऊ शकते. त्या दिवसांत पोटरीचे ताण बंद ठेवावेत, आणि टाचेमागे दुखू लागल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. खुबा अथवा गुडघा बदललेल्यांनी कोणत्या दिशेला वाकायचे नाही हे शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्यावे.

रात्रीच्या गोळ्यांचे तेवढे राहिले. नेदरलँड्समध्ये पंचावन्नपुढील व्यक्तींना सहा आठवडे, झोपण्याच्या थोडे आधी, पोटरी व मांडीच्या मागचा ताण रोज देण्यास सांगितले होते. त्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले आणि आले तरी तितके तीव्र राहिले नाहीत. त्यासाठी पर्वती लागत नाही. दिवे मालवण्यापूर्वी शयनगृहाच्या भिंतीला तळवे टेकवून प्रत्येक पायाला तीनदा अर्धा मिनिट द्यावा. जवळ खुर्ची असू द्यावी आणि पायांखाली सतरंजी घसरती नसावी. तरीही मध्यरात्री गोळा आलाच तर घाबरून पोटरी मळू नका. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे आपल्याकडे ओढा, गोळा सुटेल. मग पाण्याचे दोन घोट घेऊन झोपा. परवाच्या दुखण्याचे चार दिवस सरले की पुन्हा पायथ्याशी या, आणि पहिल्या दिवशी निम्म्यापर्यंतच चढा.